ईवनच्या गोठ्यातली गाय

पितळेचा गं हंडा माझा, साळिणीच्या माळ्यावर
चार दिसांच्या बोलीवर, ठेवियेला.

हा आवाज माझ्या वडिलांच्या मोठ्या आत्याचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. ती सुपात तांदूळ पाखडायची, आणि दाण्यांबरोबर शब्दही वर उडून पुन्हा सुपातच उतरायचे. हंडा झाला की परात यायची, परातीमागून घंगाळ, घंगाळामागून तांब्याची कळशी.

काशाची गं परात माझी, तेलिणीच्या अंगणात
ऊन घेते तांदळात, कोण पुसे.

मला ते भांड्यांचं बडबडगीत वाटायचं. खरं काय ते पुढं वडिलांनी सांगितलं. बेचाळीस साली आत्याचा थोरला भाऊ भूमिगत झाला आणि घरावर जप्ती येणार अशी कुणकुण लागली. तिच्या आईनं घटकाभरात सगळी भांडी आळीतल्या घराघरांत पोचवली. कुठं काय ठेवलं ते लिहावं, तर चिठ्ठी सापडली असती आणि शेजारणीही गोत्यात आल्या असत्या. म्हणून तिनं ओव्या रचल्या आणि लेकीकडून पाठ करून घेतल्या. जप्तीवाले आले तेव्हा त्यांना मिळाली दोन मडकी आणि एक केरसुणी.

हे सगळं मी विसरले होते. आठवलं ते चाळीस वर्षांनी, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या दक्षिणेला, ओहाउपोच्या रस्त्यावरच्या एका शेतघरात.

मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. दर सोमवारी आणि गुरुवारी रोटोटुनातल्या आमच्या घरून निघून आठ घरं करते. त्यातलं पाचवं घर इशबेल मॅकेचं. वय सत्याऐंशी, घरात एकटी, डाव्या पायावर महिनोन्‌महिने न भरणारी जखम. तोंडानं मी तिला इशबेलच म्हणायची, कारण इथली रीत तशी. मनात मात्र पहिल्या दिवसापासून आजी.

एका गुरुवारी आजीचा चेहरा उतरलेला होता. टेबलावर एक छापील मजकूर पडला होता. तिथल्या जुन्या स्कॉटिश मंडळीचा हॉल शंभर वर्षांचा होणार होता, आणि सेक्रेटरी केनेथ प्रत्येक जुन्या घराण्याची गोष्ट एकेका फलकावर लिहून भिंतीला लावणार होता. मॅके घराण्याचा मजकूर त्यानं आधी दाखवायला पाठवला होता, सभ्यपणे. त्यातलं एक वाक्य आजीनं बोटानं दाखवलं. ईवन मॅकेनं मालकाची लपवलेली गुरं सरकारला दाखवून दिली आणि बक्षीस म्हणून एक गाय मिळवली, असं ते वाक्य होतं.

गोष्ट स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली, पावणेतीनशे वर्षांपूर्वीची. तिथला जमीनमालक राजाविरुद्ध बंडात उतरला, हरला, समुद्रापार पळाला. सरकारनं त्याची जमीन जप्त केली, कुळांचा खंड आपल्याकडं वळवला आणि वसुलीला कारभारी नेमला. कुळंही खमकी. एकदा खंड सरकारला भरायची आणि आपल्या पोटाला चिमटा काढून दुसऱ्यांदा चोरून मालकिणीला पोचवायची. पण गुरं लपत नाहीत. शिपाई आले, डोंगरात लपवलेला मालकाचा कळप हाकून घेऊन गेले. पुढच्या वर्षी कारभाऱ्यानं गोठे मोजले, तेव्हा ईवनकडं तीनऐवजी चार गाई निघाल्या. शिवाय एक गाणं होतं, त्यातलं एकच कडवं सगळ्यांच्या तोंडी उरलं होतं: काळी गाय ईवनच्या गोठ्यात. गाय कुठून आली? लोकांनी उत्तर ठरवून टाकलं, आणि ते उत्तर बोटीत बसून न्यूझीलंडलाही आलं.

आजी सांगत होती, लहानपणी मंडळीच्या सहलीला गेलं की पोरं तिच्याकडं बघून हंबरायची. आता हंबरण्याचा फलक होणार, आणि ती मेल्यावरही भिंतीवर राहणार. तिला मूलबाळ नव्हतं. या नावाची ती शेवटची. फलक तसाच लागला तर आपण त्या हॉलची पायरी पुन्हा चढणार नाही, असं ती म्हणाली आणि पाय माझ्यापुढं केला.

जुनी पट्टी सोडवताना फार दुखतं. आजी कधी विव्हळायची नाही, गुणगुणायची. त्या दिवशी तेच गुणगुणणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं. गेलिक भाषा मला कुठून कळणार. पण चाल खाली यायची, टेकायची, पुन्हा वर जायची, आणि दर खेपेला एक नाव बदलायचं. सूप पाखडल्यासारखं.

मी विचारलं, हे काय गाता? ती ओशाळली. म्हणाली, तेच ते, आमच्या बदनामीचं. आईनं शिकवलं होतं. लोकांना एक कडवं ठाऊक, मला सगळी. लाजेपायी कधी चारचौघांत म्हटलं नाही.

सगळी म्हणजे किती?

अकरा, आजी म्हणाली.

माझे हात थांबले. मी तिला एकेका कडव्याचा अर्थ विचारत गेले आणि ती सांगत गेली. ठिपक्यांची गाय डोनाल्डच्या घरी. तांबडी गाय विणकराच्या विधवेकडं. बांडी नदीपलीकडं, लंगड्या अँगसच्या गोठ्यात. अकरा गाई, अकरा घरं. ईवनचं घर सातवं. मनातल्या मनात ते आपोआप माझ्या बोलीत येऊन बसलं:

काळी माझी गं कपाळटिकी, ईवनच्या गोठ्यामधी
दूध देई पोरांआधी, धनिणीला.

"धनिणीला?" मी मोठ्यानं म्हणाले. "दूध मालकिणीला जायचं?"

"प्रत्येक कडव्यात तसंच आहे. दूध आधी मालकिणीला, मग घरच्या पोरांना. का गं?"

मी तिला आत्याच्या आईच्या हंड्याची गोष्ट सांगितली. परात, घंगाळ, कळशी, सगळं. आजी ऐकत राहिली. तिचा पाय अजून माझ्या मांडीवर उघडाच होता आणि आम्हां दोघींना त्याचं भान नव्हतं.

"म्हणजे ईवनला ती मिळाली नव्हती," ती सावकाश म्हणाली.

"मालकिणीनं ठेवायला दिली होती, शिपाई यायच्या आधी. विश्वासानं."

पण गाणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं. शनिवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून मी श्रियाला कामाला लावलं. माझी लेक सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. अकरा घरांची यादी तिनं वाचली आणि म्हणाली, "मम, इट्स बेसिकली अ स्प्रेडशीट." शिरीष, माझा नवरा, आयटीतला. त्याला हे फार आवडलं. दिवसभर तो पणजीचा डेटाबेस म्हणत हिंडला.

कारभाऱ्याच्या त्या मोजणीचे कागद स्कॉटलंडच्या दफ्तरखान्यानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेले होते. श्रियानं ते तासाभरात शोधले. कुरणावर कुणी किती गुरं चारायची ते तिथं घरागणिक ठरलेलं असे, आणि कारभाऱ्यानं दोन्ही आकडे शेजारी लिहिले होते: चारायचा हक्क किती, गोठ्यात दिसली किती. केनेथनं फक्त ईवनची ओळ वाचली होती. आम्ही सगळं पान वाचलं.

डोनाल्ड, एक गाय जास्त. विणकराची विधवा, एक जास्त. लंगडा अँगस, एक जास्त. गाण्यातली अकराच्या अकरा घरं, प्रत्येकी एक. जी घरं गाण्यात नव्हती तिथं हक्काइतकीच, किंवा कमी. श्रिया शेवटच्या ओळीला पोचली तेव्हा खुर्चीवर उभी राहिली होती. पोहे गार झाले होते. मी ते तसेच खाल्ले आणि इतके चविष्ट पोहे मी जन्मात खाल्ले नाहीत.

सोमवारी आजीकडं केनेथ आला. ऐंशीपुढचा, उंच, गुडघ्यापर्यंत स्कॉटिश पुरुषी घागऱ्याच्या चुण्या आणि वर रेनकोट. तो म्हणाला, नर्सबाई, गाणी सुंदर असतात, पण मी कागद मानतो. मी म्हणाले, मीही, आणि पान त्याच्यापुढं ठेवलं. शेजारी आजीच्या थरथरत्या अक्षरातली अकरा कडवी. तो बोट ठेवून ठेवून वाचत गेला. ओळीमागून ओळ. चहावर साय धरली.

एका ओळीवर त्याचं बोट अडखळलं. लंगडा अँगस हा त्याचाच पूर्वज होता.

"फितूर असतील तर अकराही जण आहेत," मी म्हणाले. "नाहीतर एकही नाही."

केनेथनं चष्मा काढला. मग तो माझ्याशी नाही, आजीशी बोलला.

"इशबेल, सात वर्षांचा असताना मीही तुझ्याकडं बघून हंबरलो होतो."

"आठवतंय मला," आजी म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं तूच हंबरायचास."

मग दोघं हसले, आणि हसता हसता आजीनं डोळे टिपले. जाताना केनेथनं तो मजकूर फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, मूर्खपणाची नोंद असावी.

मी पट्टी बांधायला बसले. आजी पोरीसारखी खुशीत होती. सहज विचारलं, तुमची माणसं या शेतावर कधी आली? ती म्हणाली, आली एकदाची. आणि खिडकीबाहेर बघत, दुपारी पाऊस येईल का, असं मलाच विचारलं. मी पुन्हा विचारलं नाही.

समारंभ रविवारी दुपारी होता. आम्ही तिघं गेलो. मी नारायणपेठ नेसले होते आणि त्या चौकड्यांच्या कापडांत मुळीच वेगळी दिसत नव्हते, असं शिरीषचं म्हणणं. हॉल भरलेला. भिंतीवर मॅके घराण्याचा नवा फलक, आणि त्यावर अकरा घरांची नावं एकाखाली एक, ईवनचं सातवं.

केनेथनं सगळी हकिगत सांगितली. कागद दाखवला, स्वतःची चूक सांगितली, माझ्या आत्याच्या आईचा हंडासुद्धा त्यानं गाळला नाही. सातासमुद्रापलीकडच्या त्या हॉलमध्ये साळिणीच्या माळ्याचं नाव निघालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग त्यानं आजीला हात देऊन मंचावर नेलं.

आजी गायली. पहिल्या कडव्याला आवाज चिरका होता. दुसऱ्याला बसला. तिसऱ्यापासून समोरच्या बायका ध्रुपद उचलू लागल्या, चौथ्याला पाय ठेका धरू लागले. सातव्या कडव्याला, ईवनच्या गोठ्याशी, ती थांबलीच नाही. मान ताठ करून ते तिनं दोनदा म्हटलं, आणि सगळा हॉल तिच्याबरोबर म्हणाला. अकरावं संपलं तेव्हा लोक उभे होते. श्रिया बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. टाळ्या थांबेनात.

आजीनं हात वर केला. हळूहळू शांत झालं.

ती म्हणाली, आज तुम्ही माझ्या माणसांचं नाव धुऊन दिलंत. नाव मळलेलं होतं तोवर मला वाटायचं, अजून एक डाग कशाला दाखवा. आता लपवायला निमित्त उरलं नाही. केनेथ तिला खुर्ची द्यायला पुढं झाला. तिनं मानेनंच नाही म्हटलं, आणि काठी त्याच्या हातात दिली.

"मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या पणजोबांनी नेचे तोडून रान काढलं आणि शेत केलं. ते खरं नाही. ते सरकारचे शिपाई म्हणून इथं लढायला आले. इथल्या, वायकाटोच्या माओरी माणसांना सरकारनं बंडखोर म्हटलं, त्यांची जमीन जप्त केली, आणि त्यातले पन्नास एकर माझ्या पणजोबांना दिले. तिथं आधी कुणाची घरं होती, त्यांची नावं काय, हेही आमच्या घरात ठाऊक होतं. मला आईनं सांगितलं होतं. मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. ती नावं मी आता सांगते."