हातवालीची जागा

“आजोबा, तुमची गाडी ट्रकवर बसून आली ना?”

विचारलं एकदाचं! स्कूलबसमध्ये पैज लागली होती. लंबी म्हणाली होती, “तू विचारणारच नाहीस.” त्यावर चष्मिष म्हणाली, “विचारेल गं, पण आरशाला.” आणि अख्खी बस खिदळली. मला ते झोंबलं, कारण गेल्या वर्षापर्यंत ते अगदी खरं होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझं नाव ‘म्यूट’ होतं. मग वक्तृत्व स्पर्धेला आयत्या वेळी एक मुलगी आजारी पडली, सरांनी मला ढकललं, मी तोंड उघडलं आणि ते काही पुन्हा मिटेना. आता मला ‘भोंगा’ म्हणतात. मी याला बढती समजते.

तर सगळ्या बसने काय पाहिलं ते सांगते. आमच्या रिसॉर्टकडे वळायच्या आधी एक बंद पडलेला पेट्रोल पंप आहे. त्याच्या आडोशाला एक ट्रक उभा होता, मागे फळ्या लावलेल्या, आणि त्या फळ्यांवरून एक सायीच्या रंगाची जुनी गाडी हळूहळू खाली उतरत होती. खाली टोपीवाले एक आजोबा दोन्ही हात वर करून उभे. जणू गाडी घसरली तर ते तिला झेलणारच होते.

“अगं, हे तर तुझे नियमवाले!” लंबी ओरडली.

नियमवाले म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. माझे बाबा या रिसॉर्टचे मॅनेजर, आई खोल्यांची सगळी व्यवस्था बघते, आणि आम्ही राहतो लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत. समोर वाळवंट, मागे वाळवंट, आणि शाळेचं गाव बसने तासाभरावर. दर वर्षी थंडी सुरू झाली की या क्लबचा मेळावा आमच्याकडे असतो. माझ्यासाठी वर्षातले तेच दिवस खरे. बाकीचे पाहुणे दोन दिवसांत जातात आणि त्यांना माझं नावही कळत नाही. लहानपणी मी रिसेप्शनवरून रिकाम्या खोल्यांना फोन लावायची. कोणी उचलणार नाही हे माहीत असायचं. पण कुठेतरी काहीतरी वाजतंय, एवढंच बरं वाटायचं.

क्लबचा एकच कडक नियम आहे, आणि तो मी मैत्रिणींना इतक्यांदा ऐकवलाय की त्यांना पाठ झालाय: गाडी घरच्या फाटकापासून इथपर्यंत स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रकवर घालून आणली तर पाहुणचार मिळेल, जेवण मिळेल, पण गाडी रांगेत लागणार नाही. ती स्वयंपाकघरामागे, गॅसच्या टाक्यांजवळ उभी राहणार. रांगेत पहिली जागा सेक्रेटरी आजोबांची. शनिवारी सकाळी त्यांची गाडी आधी सुरू होते, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटच्या गाडीपर्यंत सगळी रांग धडधडायला लागते. 

आणि मेळाव्याच्या तयारीला आजोबा नेहमी आधी येतात. ते आणि आजी. या वर्षी आजी नव्हत्या. उन्हाळ्यात गेल्या. फोन आला तेव्हा आई चादरींच्या खोलीत जाऊन रडली. मग बाहेर कुणीतरी जादा उशी मागितली आणि ती डोळे पुसून उशी द्यायला गेली.

तर, मी विचारलं. आजोबा बॉनेट पुसत होते. हात थांबला नाही.

“फक्की आणलीस का?” ते म्हणाले.

आणली होती. पांढरा चुना, चांगला गोणभर. मैदानावर गाड्यांच्या जागा आखायचं काम या वर्षी त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, “आमच्या मुख्य अभियंता बाई” म्हणून. उत्तर मिळालं नाही तरी काम मिळालं, म्हणून मी कामाला लागले. दोरी बांधली, फक्की टाकली, चौकोनाला चौकोन चिकटवून अशी झकास रांग मारली की मीच मागे सरकून माझीच पाठ थोपटली. येणाऱ्या गाड्या जेवढ्या, तेवढ्याच जागा. सगळा मेळावा फाटकासमोर नीट मावत होता.

आजोबा आले. बघत राहिले.

“हे काय केलंस?”

“रांग! सरळ आहे ना?”

“सरळ आहे. पण भरलीस तू ती.”

“म्हणजे?”

त्यांनी चपलेचं टोक एका चौकोनावर ठेवलं. “ही जागा डॉक्टरांची. त्यापलीकडची त्या दोघा भावांची. नंतर बाईंची, त्या लाल गाडीवाल्या. तू त्यांच्या जागांवर दुसऱ्यांना बसवलंयस.”

“पण आजोबा, ते तर सगळे...”

“माहीत आहे मला कुठे गेलेत. पत्ता बदलला म्हणून जागा जात नाही.”

आता मला कुणी सांगितलं होतं का हे? एवढी वर्षं मी ही रांग बघत आले आणि मधल्या मोकळ्या जागा म्हणजे दारं उघडायला सोडलेल्या, असंच समजत होते. मी म्हणाले, “अहो, पण मग गाड्यांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त होतील. फोटोत नुसतं बोळकं दिसेल!”

त्यावर ते हसले. आल्यापासून पहिल्यांदा. “बोळकं तर बोळकं. आमच्यातल्या निम्म्यांचं तसंच आहे.”

मग खराटा घेऊन सगळी फक्की झाडली आणि पुन्हा आखायला घेतलं. ते नावं सांगत होते, मी जागा सोडत होते. रांग लांबत लांबत पार तारेच्या कुंपणापर्यंत गेली. एका मोकळ्या चौकोनापाशी ते नाव न घेताच पुढे निघाले.

“ही कुणाची?”

“फोटोवाल्याची.”

“ते कधी गेले?”

“गेला नाही. आहे. चांगला ठणठणीत आहे.” आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मला क्लबात आणलं ते त्यानेच. एका वर्षी वाटेत त्याचं इंजिन तापून बसलं. ट्रकवर घालून आला बिचारा, पण आला. मी सगळ्यांसमोर त्याला स्वयंपाकघराची वाट दाखवली. त्याने चहा घेतला, गाडी परत त्याच ट्रकवर चढवली आणि गेला.”

“मग तुम्ही फोन नाही केलात?”

“कशाला? नियम माझ्या बाजूने होता ना.”

  मी खराट्यातली काडी मोडत राहिले.

“हो,” आजोबा म्हणाले. “ट्रकवर बसून आली.”

मला वाटलं होतं की उत्तर मिळाल्यावर मी उडी मारीन. मी काहीच मारलं नाही.

“काय बिघडलं होतं?” मी विचारलं.

“गाडीत? काही नाही.”

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गाडीला शेजारच्या सीटच्या बाजूचा आरसा नाही, वळायचे दिवे नाहीत. शेजारी बसणाऱ्याने मागचं बघायचं आणि त्या बाजूला वळायचं असलं की खिडकीतून हात काढायचा. क्लबात त्या माणसाला हातवाला म्हणतात. बाई असली की हातवाली. आजी पहिल्या मेळाव्यापासून हातवाल्या होत्या. हात काढायच्या आणि तोंडही चालू ठेवायच्या. गावं, माणसं, कुणाच्या लग्नात काय झालं होतं, सगळं रस्ताभर.

“या खेपेला पहाटे निघालो. नेहमीसारखा. पहिलं वळण आलं, मी म्हणालो, ‘हात’. सवयीने. हात कुठून निघणार? मागून बसवाल्याने असा भोंगा वाजवला...”

“माझं नाव घेऊ नका,” मी म्हणाले. ते पुन्हा जरासे हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

“मग आमचा नेहमीचा चहाचा थांबा आला. त्याने दोन कप ठेवले. मी दोन्ही प्यायलो. काय सांगायचं त्याला? गाडीत येऊन बसलो आणि मला किल्ली फिरववेना. हात किल्लीवर आहे, पण फिरववेना. बसून राहिलो, उन्हं चढली. शेवटी त्या चहावाल्यानेच ट्रक बघून दिला.” त्यांनी गाडीकडे मान वळवली. “गाडी बंद नाही पडली गं. मी पडलो.”

मग त्यांनी माझ्या हातातला फक्कीचा डबा घेतला आणि रांगेच्या सुरुवातीला गेले. पहिली जागा अजून आखायची होती. तिथे उभे राहून म्हणाले, “इथे मारू नकोस. माझी गाडी गॅसच्या टाक्यांजवळ लागेल. सगळे आले की मीच सांगेन. तू तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस तरी चालेल, मी काही तुझं तोंड धरणार नाही.”

“पण पहिली गाडी कोण सुरू करणार?”

“करेल कुणीतरी.”

कुणीतरी! माझ्या डोळ्यांसमोर शनिवार सकाळ आली. सगळे म्हातारे टोप्या घालून आपापल्या गाड्यांत बसलेत आणि एकमेकांकडे बघताहेत, आधी कोण, आधी कोण. आणि हे मागे, कांद्याच्या पोत्यांपाशी.

माझं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. “आजोबा, मेळावा शनिवारी आहे. आज मंगळवार. तुमचं घर इथून एका दिवसाच्या रस्त्यावर. नियमात असं कुठे आहे की एकदाच यायचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या परत जा. परवा घरच्या फाटकातून निघा आणि चाकांवर या. झालं की नाही नियमात?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, जिंकले मी.

“डोकं आहे तुला,” ते म्हणाले. “पण त्या रस्त्याने मला एकट्याला नाही जमायचं, बाळ.”

  मी गोणीचं तोंड बांधलं आणि लॉन्ड्रीकडे निघाले. वाटेत मोबाइल वाजला. लंबी: “विचारलंस का???” मी लिहिलं: “विचारलं. पण उत्तर सांगणार नाही.” लगेच चष्मिष: “म्हणजे विचारलंच नाही! वेलकम बॅक, म्यूट!” पाठोपाठ हसणाऱ्या चेहऱ्यांची ही मोठी रांग. माझी बोटं इतकी शिवशिवली म्हणून सांगू! एक वाक्य लिहिलं असतं तर पैज माझी होती. मी मोबाइल खिशात टाकला. म्यूट तर म्यूट.

लॉन्ड्रीच्या दारातून मागे वळून पाहिलं. आजोबा गाडीत जाऊन बसले होते. दार उघडं, एक पाय बाहेर वाळूत. कुठे जायचं नव्हतं त्यांना. सूर्य खाली आला होता आणि ऊन थेट शेजारच्या सीटवर पडत होतं. त्यांनी हात लांबवला आणि त्या बाजूची, काचेवरची उन्हाची झडप खाली केली. नीट, डोळ्यांवर ऊन येऊ नये अशी. त्या सीटवर कुणीच नव्हतं.

मला एकदम माझे ते रिकाम्या खोल्यांना लावलेले फोन आठवले आणि पाय आपोआप मागे वळले.

“आजोबा, हात कसा काढतात?”

“काय?”

“हात. वळताना. सरळ की वाकडा?”

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मी पलीकडून जाऊन दार उघडलं आणि बसले. सीट खोल होती, एका बाजूला जास्त दबलेली.

“कोपरापर्यंत नाही, खांद्यापासून,” ते सावकाश म्हणाले. “तळवा पुढे. आणि वळण पूर्ण होईपर्यंत आत घ्यायचा नाही. कंटाळा आला तरी नाही.”

मी काढला. समोर नुसती वाळू, मागे कुणी नाही, गाडी उभीच, आणि मी आपली खिडकीतून हात काढून बसलेय!

“लवकर आत घेतलास.”

पुन्हा काढला.

“शाळा आहे ना तुला?”

“आहे. असते ती रोजच.”

“आधी आईबाबांना विचार,” ते पुढच्या काचेतून बघत म्हणाले. “रात्री माझ्या लेकीकडे राहशील, आमच्या शेजारीच असते ती. पण ते नाही म्हणाले तर नाही. मला काही वाटणार नाही.” पण हे म्हणताना त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

आई आणि बाबा चादरींच्या खोलीत होते. मोठ्या पलंगाची चादर एकट्याने घडी होत नाही, म्हणून रोज एवढा वेळ तरी ते दोघं समोरासमोर येतात. चादर ताणायची, चार पावलं पुढे, टोकं जुळवायची, आणि तेवढ्यात जे काय बोलायचं ते बोलून घ्यायचं.

“जनरेटरवाला उद्या येतो म्हणालाय,” बाबा.

“तो कालही उद्याच म्हणाला होता,” आई. मग मला बघून, “फक्की झाली मारून? केसात काय आहे ते? पीठ पडल्यासारखी दिसतेयस.”

“मैदानावर पहिली जागा का नाही आखलीस?” बाबा म्हणाले. “सेक्रेटरीसाहेबांची ना ती? काय गं, काही चुकलं का आपलं?”

“आपलं नाही,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. ट्रक, दोन कप चहा, झडप, सगळं. आईने चादरीची तिची टोकं छातीशी धरून ठेवली होती आणि पुढे यायचंच विसरली होती. बाबांनी त्यांची टोकं खांद्यावर टाकली आणि घसा खाकरला. मला माहीत होतं पुढे काय येणार: शाळा, म्हातारा माणूस, जुनी गाडी, लोक काय म्हणतील. म्हणून मी श्वास घेतला आणि वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले होते तशी, पाय जुळवून उभी राहिले.

“आई, बाबा, उद्या आणि परवा मी शाळेत जाणार नाहीये. मी आजोबांबरोबर त्यांच्या घरी जातेय, मुक्काम त्यांच्या लेकीकडे, आणि परवा त्यांच्या फाटकातून निघून चाकांवर परत येतेय. हातवाली मी आहे. मागची सीट मोकळी आहे, तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या, मला आवडेल. पण मी विचारायला आले नाहीये, सांगायला आलेय.”