विनीचे आकडे

गाढव म्हणा मला, खुशाल म्हणा. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या, आणि घरच्या माळ्यावर एका बटणानं घात केला.

माळ्यावर आमची छोटी रेल्वे आहे. अकरा इंजिनं. त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर मी स्वतः सोल्डर करून बनवलेला. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर, तोही घरचाच. इंजिनाचा नंबर कोणता, सुटताना किती दमानं, थांबताना किती, ते सगळे आकडे त्याच्यात भरायचे. जोडणी माझी, पण आकडे माझ्या बायकोचे, विनीचे. एकेका इंजिनावर ती आठवडा आठवडा बसायची. तिची कोळशाची गाडी इतक्या बेतानं सुटायची, की चाक कधी हललं ते कळायचंच नाही.

"लिहून ठेव गं कुठेतरी," मी म्हणायचो.

"कशाला? मी कुठे पळून चाललेय?"

मार्चमध्ये गेली.

गावच्या हॉलमध्ये शनिवारी आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. क्लबचा रॉडनी म्हणाला, "अ‍ॅम्ब्रोज, यंदा विनीची इंजिनं आण की." मलाही तेच हवं होतं. तिच्या हातची चाल चार लोकांनी एकदा बघावी, बस्स.

बुधवारी दुपारी बाराव्या, नव्या इंजिनात आकडे भरायला बसलो. त्यासाठी हातभर लांबीचा वेगळा रूळ असतो. डिकोडरमधलं जुनं सगळं पुसून पाटी कोरी करायचा हुकूम तेवढ्याच रुळावर सोडायचा, बटण तिकडे वळवून. वर म्हणजे कुठला रूळ, खाली म्हणजे कुठला, हे मी बटणावर कधी लिहिलंच नाही. आपणच बनवलंय, आपल्याला कळणार नाही होय! हुकूम सोडला. समोरचं इंजिन ढिम्म. आणि पलीकडे मोठ्या रुळावर अकराच्या अकरा इंजिनांनी एकदम अंग झटकलं.

तिचा एकूण एक आकडा पुसला गेला होता. तरी वेड्यासारखी एकाच इंजिनासाठी वेगाची मूठ फिरवून बघितली, तर नंबरही पुसलेले, सगळीच हिसका देऊन एकदम निघाली. बंद केलं आणि रडलो. लाज कसली त्यात?

रॉडनीला फोन केला. "हात्तिच्या! परत भर की. तुला येतं ना?"

"भरता येतात रे. पण तिचे कुठले होते?"

"अंदाजानं भर," तो म्हणाला.

दोन दिवस बसून भरले. अंदाजानंच.

शनिवारी हॉलमध्ये ही गर्दी! कोळशाची गाडी सुटली. चाक हललेलं मला स्पष्ट दिसलं. रॉडनीनं मात्र डोळे पुसले. "अगदी विनीची चाल रे! बघ, उगाच घाबरलास." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी चहा नि केक हातात दिला.

संध्याकाळी पाचपर्यंत मी तिथे उभा होतो. एखादा तरी म्हणेल, ही तिची चाल नव्हे, म्हणून वाट बघत होतो.