निळ्या तळाची वाळूपेटी

मी एक उथळ पेटी. फणसाच्या लाकडाची, चार बोटं खोल, आणि अर्धी वाळूने भरलेली. माझ्या पोटात कुणी दागिने ठेवत नाही, कपडे ठेवत नाही. माझ्यात मुलं खेळतात. पण त्यांचं खेळणं नुसतं खेळणं नसतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मला धारगळच्या गुरुदास मेस्तानं बनवलं. तो रंधा मारता मारता सारखा विचारायचा, "श्रद्धाबाय, हेच्यात सोलां सुकवतलंस काय? सोलां सुकवूक येवढी गुळगुळीत पेटी कित्याक?"

श्रद्धा हसायची. "कोकमाची सोलं नाहीत रे. मुलांसाठी आहे. आणि तळाला निळा रंग दे."

"तळाक? वर वाळू घातल्यार तो दिसतलो कोणाक?"

"मुलं उकरतात की!"

मेस्तानं मान हलवली, पण रंग मनापासून दिला, दोन हात. मग केरीच्या किनाऱ्यावरची बादलीभर वाळू आली. ती धुऊन, चाळून, उन्हात सुकवून माझ्यात ओतली आणि मला पेडण्याच्या बाजारामागच्या श्रद्धाच्या समुपदेशनाच्या वरच्या खोलीत आणून ठेवलं. समोरच्या फळीवर खेळणी होती: गाय, म्हैस, बस, डॉक्टर, नवरी, कुंपणाचे तुकडे, पंधरावीस माणसं. घाबरलेली, रुसलेली, रागावलेली मुलं इथे यायची. श्रद्धा त्यांना प्रश्न विचारून हैराण करायची नाही. ती शेजारी जमिनीवर बसायची आणि म्हणायची, "हवं ते मांड."

मला तर उत्सुकतेनं चैन पडत नसे. सेजल नावाची मुलगी आली की फक्त कुंपण घालायची. गायीला कुंपण, त्या कुंपणाला कुंपण. का? एक मुलगा रोज बस पुरायचा आणि वर थापटायचा. का? मोठी माणसं मात्र दाराबाहेर बसायची, मोबाईल वाजवत राहायची आणि मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय शिकवलं?" पण "काय खेळलास?" असं विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

गेल्या श्रावणात पार्स्याहून साईश आला. आठ वर्षांचा, तिसरीतला. बाप गोकुळदास त्याला दंडाला धरूनच घेऊन आला. दारातच बोलू लागला.

"ह्याची थोरली बहीण गौरवी. एकोणीस वर्षांची. ताप इलो आणि चार दिवसांत गेली. तिच्या दहाव्यापासून हो शाळेत जाणा नाय. दप्तर बांयच्या पाण्यात टाकल्यान. वही फाडल्यान. पेन्सिल हातात दिली तर मोडता, मारलंय तरी आयकणा नाय. मास्तर म्हणतत, असाच चल्लो तर वर्ष फुकट. गौरवीच ह्याका शिकवी होती, रोज सांजवेळा. मी तिका वचन दिलंय, ह्याका शिकवीन म्हणान. आता मी काय करू?"

वचन हा शब्द ऐकताच साईशनं बापाचा हात झिडकारला.

"इथे तो खेळेल," श्रद्धा म्हणाली.

"खेळान शाळा येता काय? मगे माझो झिल कलेक्टर झालो असतो!"

गोकुळदास हे बोलला आणि स्वतःच ओशाळून बाहेर जाऊन बसला.

पहिल्या बुधवारी साईशनं मला दोन्ही हातांनी उचलून पालथं केलं. सगळी वाळू जमिनीवर. मी दचकले. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. श्रद्धानं दोन सुपल्या आणल्या. एक त्याच्या पुढ्यात ठेवली, एक आपण घेतली आणि भरायला लागली. तो बघत राहिला. मग तोही भरू लागला. तासभर दोघांनी तेवढंच केलं. बाहेर बापानं विचारलं, "आज काय शिकवलं?" साईश म्हणाला, "झाडूक." बापाचं तोंड बघण्यासारखं झालं असणार, पण मला दाराबाहेरचं दिसत नाही.

दुसऱ्या बुधवारी तो उकरत उकरत माझ्या तळाला पोचला. "खाली पाणी असा!" तो ओरडला. त्यानं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत वाळू बाजूला सारली आणि नदी केली. दिवस संपला तरी त्याला ती सोडवेना. "मोडू नको हां," त्यानं श्रद्धाला बजावलं. श्रद्धानं तो जिना उतरेपर्यंत हात लावला नाही. मुलासमोर त्याचं मांडलेलं मोडायचं नाही, हा तिथला नियम.

तिसऱ्या बुधवारी आल्या आल्या त्यानं पुन्हा नदी केली. मग वाळू पाण्यानं ओली करून गोळे वळले, सुपारीएवढे, गोल गोल. खिडकीतल्या कुंडीचं पान तोडून त्यावर ते गोळे ठेवले. फळीवरची सगळी माणसं आणली आणि नदीपासून लांब उभी केली, गोळ्यांकडे पाठ करून. मला काही उमगेना. एवढी माणसं आणून तोंड फिरवून का उभी करायची?

मग तो फळीवर काहीतरी शोधू लागला. कोंबडा घेतला, टाकला. पोपट घेतला, टाकला. बदक तर भिंतीवर भिरकावलं.

"कोण हवंय?" श्रद्धानं विचारलं.

मग त्याची नजर तिच्या डोक्यावर गेली. केसांत काळा चाप होता, दातेरी, चिमटा उघडतो तसा उघडणारा.

"तो दी."

श्रद्धानं चाप काढून दिला. तिचे केस खांद्यावर सुटले. साईशनं चाप दोन बोटांत धरला, उघडला, मिटला. उघडला, मिटला. चोच! मला तेव्हा कळलं. तो कावळा होता, हे दहाव्याचं पिंडदान होतं, आणि कावळा बिचकू नये म्हणून माणसं पाठ करून उभी होती.

कावळा वरून घिरट्या घालत खाली आला. पानाजवळ येतोय तोच साईशनं दुसऱ्या हातानं त्याला हाकललं. "हुस्स! हुस्स!" पुन्हा आला, पुन्हा हाकलला. सहा वेळा, सात वेळा. कपाळावर घाम आला त्याच्या. मग एक छोटा मुलगा फळीवरून उचलून त्यानं वाळूत डोक्यापर्यंत पुरला.

"हा कोण?"

"हो शिकूचो नाय. शाळेत जावचो नाय." तो दात आवळून म्हणाला. "मगे ती खंय जातली?"

"ती म्हणजे?"

"ताई."

श्रद्धानं डोळे पुसले नाहीत, शहाणपणही सांगितलं नाही. तिनं विचारलं, "हे कोणाला दाखवायचंय?"

"पप्पाक," तो म्हणाला. "मम्मीक नको. ती रडतली."

पुढच्या बुधवारी गोकुळदास पहिल्यांदा आत आला. चपला काढून जमिनीवर बसला, अवघडून. साईशनं सगळं पुन्हा मांडलं: नदी, गोळे, पाठमोरी माणसं, चाप. बाप आधी कौतुकानं बघत होता. माणसं पाठ करून उभी राहिली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. कावळ्याला हाकलणं सुरू झालं तेव्हा त्यानं मुलाचा हात धरला.

"तू त्या दिवशी खंय होतंस?"

"वडाकडे. माका सगळा दिसला. तू बोललंस तेव्हा कावळो इलो. तू बोलाक नाय पायजे होता!"

गोकुळदास श्रद्धाकडे वळून बोलू लागला, पण खरं तर तो मुलालाच सांगत होता. "तास झालो तरी कावळो येय नाय होतो. म्हातारे म्हणाक लागले, पोरीचो जीव खंयतरी अडाकलो. लोक माझ्याकडे बघी होते. माका भय वाटला. म्हणान तोंडात इला ता बोललंय, साईशाक शिकवतंय गे, तू काळजी करू नको. आणि कावळो इलो."

"म्हणान ती गेली," साईश म्हणाला. "मी शिकलंय नाय तर तुझा वचन मोडतला. मगे तिका परत येवचा पडतला."

मी लाकडाची आहे. तरी माझ्या सांध्यात काहीतरी ताणलं गेलं. अडीच महिने ह्या एवढ्याशा पोरानं आपल्या बहिणीला एकट्यानं धरून ठेवलं होतं. मार खाऊन, दप्तर विहिरीत टाकून. आणि जितक्या वेळा बाप वचनाची आठवण द्यायचा, तितक्या वेळा तो आणखी घट्ट धरायचा.

"झिला," बाप म्हणाला, "तिना काय मागल्यान नाय. ती हॉस्पिटलातच गेली. कावळो येवच्या दहा दिवस आधी. ता वचन माझा. मी ता परत घेतंय. तुझ्यार ओझा नाय."

"मगे ती येतली?"

गोकुळदासला खोटं बोलता आलं असतं. मोठी माणसं अशा वेळी तेच करतात. त्यानं तसं केलं नाही.

"नाय रे. तू शिकलंस तरी नाय, नाय शिकलंस तरी नाय. ती येवची नाय."

साईशनं मूठभर वाळू उचलली आणि बापाच्या तोंडावर मारली. मग दुसरी मूठ. मग तिसरी. बापानं डोळे मिटून घेतले, पण हात आडवा केला नाही. चौथी मूठ साईशच्या हातातूनच गळून गेली आणि तो रडला. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा, असं त्याचा बाप नंतर म्हणाला. रडताना तो बापाच्या मांडीत शिरला. दोघांच्या केसांत, कानांत, शर्टात माझी वाळू होती.

शाळेत तो दुसऱ्या दिवशी गेला नाही. त्या आठवड्यातही नाही. "मगे मी शाळेत कित्याक जाव?" असं त्यानं विचारलं तेव्हा बाप म्हणाला होता, "माका म्हायत नाय. तुका वाटात तेव्हा सांग." आणि खरंच पुन्हा विषय काढला नाही. मधल्या बुधवारांत साईशनं माझ्यात भात लावला, बस दरीत पाडली, नवरीला म्हशीवर बसवून खो खो हसला.

मग एका बुधवारी तो गणवेशात आला. बोटांना शाई. दहा मिनिटं खेळला आणि उठला.

"आज लवकर जातंय," तो श्रद्धाला म्हणाला. "उद्या तेराचो पाढो विचारतले. तेरा सक अठ्ठ्याहत्तर माका येणा नाय."

"आत्ता आला की!"

तो चमकला, हसला आणि धडधड जिना उतरून गेला. त्यानंतर तो आलेला नाही.

आता माझा एक कोपरा चिरलाय. वाळू दर पावसाळ्यात थोडी कमी होते, मुलांच्या खिशांतून घरोघर जाते. सेजलच्या कुंपणाला परवा एक फाटक आलंय. कशासाठी, ते बघायचं आहे. माझी मुलं बरी झाली की मला विसरतात, आणि तसंच व्हायला हवं. तरी साईशबद्दल मला अजून उत्सुकता आहे. बाहेर तो कसा चालतो, कोणाशी भांडतो, सांजवेळी कुठे बसून अभ्यास करतो, मी कधी पाहिलेलं नाही.

तुम्ही पार्स्याला गेलात तर तेवढं बघून याल? त्याला थांबवू नका, काही विचारू नका. आणि तो मला विसरलेला असला, तर माझी आठवणही देऊ नका.