रिकाम्या पुलाचं गाणं

'रस्ट रिव्हर' हा डेट्रॉइटचा रॉक बँड. गाणी पुष्कळ केली, पण देशभर गाजलं एकच, 'रिकामा पूल'. लिहिलं कीबोर्ड वाजवणाऱ्या व्हर्ना डुडेकनं, गायलं क्लाइड रेनिकनं. दोघं आता सत्तरी ओलांडलेले, पण गाण्याचे अर्थ काढणं काही संपलं नव्हतं. युद्धावरून परतलेल्यांना त्यात हरवलेले सोबती दिसत, चर्चमधल्यांना स्वर्गाची वाट. कुणी त्यात नशा शोधली, कुणी काडीमोड. व्हर्ना सगळ्यांपुढे नुसती मान डोलवायची. क्लाइडचं म्हणणं, लोक पोटभर जेवतायत, आपण कशाला ताट ओढायचं?

त्या उन्हाळ्यात बँड बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाजवणार होता. त्यानिमित्त स्थानिक रेडिओनं दोघांना बोलावलं आणि श्रोत्यांना विचारलं, तुमच्या मते हे गाणं कशाबद्दल आहे? फोनवर फोन आले. एका निवृत्त ट्रकवाल्यानं तर तो पूल म्हणजे बंद पडलेला मोटार कारखाना, असं छातीठोक सांगितलं. क्लाइड हसून हसून लोळत होता.

मग एक म्हातारा, कोरडा आवाज आला.

"त्यात अर्थबिर्थ काही नाही. ते माझ्यावर लिहिलंय. बँड दौऱ्यावर निघाला तेव्हा निरोप द्यायला मी पुलावर गेले नाही, म्हणून."

व्हर्नानं तो लगेच ओळखला. आवाज आयरीनचा होता, तिच्या थोरल्या बहिणीचा. आजारी वडिलांना आयरीनच्या गळ्यात टाकून व्हर्ना बँडबरोबर गेली होती. तेव्हापासून आयरीन नाताळला कार्ड पाठवी, तेवढंच. तिला संगीत आवडत नाही, अशी व्हर्नानं मनाची समजूत घातली होती.

"आयरीन," ती माइकपाशी वाकली, "तू त्या दिवशी आली नव्हतीस, हे माझ्या ध्यानातच नव्हतं गं. आमची गाडी तापून बंद पडली होती. नुकतंच उजाडलं होतं. पुलावर चिटपाखरू नव्हतं आणि नदीवर ऊन पडलं होतं. मला इतकं मोकळं वाटलं, की तिथंच शब्द सुचले. ते आनंदाचं गाणं आहे."



"आनंदाचं?" आयरीन म्हणाली. "मग हा माणूस ते मयतीला आल्यासारखं का गातो?"

"रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सर्दी झाली होती," क्लाइड ओशाळून म्हणाला. "वरचे सूर लागेनात, म्हणून आम्ही पट्टी उतरवली, लयही कमी केली. तेच गाजलं, मग बदलायची हिंमत झाली नाही."

फोनवरून हसण्याचा आवाज आला. आधी दबका, मग आवरेनासा. व्हर्नाला ते हसू आहे की रडू, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून फ्लिंटला आयरीनच्या घरी गेली. आयरीननं बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, केले होते, वर कांदा परतून. दोघी वडिलांबद्दल बोलल्या. शेवटची वर्षं किती अवघड गेली, ते आयरीननं काही न झाकता सांगितलं आणि व्हर्नानं मध्ये न बोलता ऐकलं. संध्याकाळ झाली तरी तिला उठवेना.

निघताना तिनं कार्यक्रमाला येतेस का, असं भीत भीत विचारलं.

"येईन," आयरीन म्हणाली. "पण मला पुढं बसव. आणि गाणं कुणावर आहे असं कुणी विचारलं, तर मी माझ्यावरच आहे म्हणून सांगणार. इतकी वर्षं राग धरलाय, फुकट कसा जाऊ देऊ?"