अठ्ठावीस मीटर

डार्लाने टेप बर्फावर दाबून धरली आणि आकडा तिसऱ्यांदा वाचला. अठ्ठावीस मीटर.

"अगं, वीस लिही आणि मोकळी हो," कोल्टन म्हणाला. "वेग दुप्पट केला की दगड चौपट लांब जातो. हळू ढकलला तेव्हा पाच मीटर गेला, म्हणजे आता वीस. पुस्तकात छापलंय."

"ते दगडाला सांग."

फिजिक्सचा तास आज कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानावर भरला होता. इथली पोरं चालायला लागली की बर्फावर हे वीस किलोचे दगड ढकलू लागतात. तरी बाकी चारही गटांच्या वह्यांत वीसच होतं. कोल्टनने तर खरं वाटावं म्हणून एकोणीस पूर्णांक आठ लिहिलं होतं, लबाड कुठला!

डार्लाचे आधीचे दोन प्रयोग चुकले होते. हाही चुकला की उद्यापासून फिजिक्स बंद आणि नर्सिंगचं स्वप्नही गुंडाळून ठेवायचं. तिने अठ्ठावीस लिहिलं.

पेट्रिशन सरांनी लाल पेन काढलं.

"काहीतरी चुकलंय, डार्ला."

"असेल, सर. पण मी तीनदा मोजलंय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, पेन खिशात ठेवलं आणि गुडघे कुरकुरत असतानाही स्वतः दगड सोडला. वेळ डार्लानेच मोजली. वेग बरोबर दुप्पट होता. दगड वीसच्या खुणेवरून आरामात पुढे गेला आणि अठ्ठावीसच्या अलीकडे वीतभर थांबला.

सरांनी टेपवरचा आकडा स्वतः वाचला.

"पुस्तकातलं घर्षण कुठल्याही वेगाला सारखंच असतं," ते म्हणाले. "आपल्या बर्फावर मात्र दगड जोरात असला की ते कमी लागत असणार."

मग ते वर्गाकडे वळले.

"कुणाचा झाडू लागला?"

कर्लिंगमध्ये सरकत्या दगडापुढचा बर्फ घासताना झाडू दगडाला लागला, तर कुणी पाहिलेलं नसलं तरी आपणच कबूल करायचं असतं.

पहिला हात सरांनीच वर केला.

"बावीस वर्षं मी वीसलाच बरोबरची खूण करतोय. एकदाही मोजलं नाही."

कोल्टनने मान खाली घालून हात वर केला. मग एकेक करत सगळे हात वर गेले. डार्ला तेवढी दोन्ही हातांनी टेप धरून उभी होती.

"वह्या मिटा," सर म्हणाले. "आता डार्ला सांगेल तसं मोजायचं."