करसन कोणाकडून खेळणार?

देशापासून दूर, समुद्रापलीकडे, किसुमूत गोऱ्यांचा क्लब होता. आपल्या लोकांना ते क्रिकेटचा सामना खेळायला बोलवत, पण चहाच्या वेळी कुंपणाबाहेर उभं करत. एका रविवारी ह्यांनी हातातला कप तसाच गवतात ठेवला आणि घरी आले. हे म्हणजे करसनचे बापा. नाव मी घेत नाही, गाव त्यांना ओधवजी म्हणे. जोडे काढता काढता म्हणाले, "आता आपलं मैदान, आपला क्लब."

मी ठाकोरजींना, आमच्या घरच्या बाळकृष्णाला, भोग लावत होते. म्हटलं, "त्याची इच्छा असेल तर होईल."

सरकारनं सरोवराकाठची पाणथळ जमीन दिली, जिथे डासांशिवाय कोणी नांदत नव्हतं. लव्हाळं कापायला आम्ही लोहाणे गेलो, पटेल आले, खोजे आले, रेल्वेतले शीख सुतार आले, कचेरीतले गोव्याचे ख्रिस्तीही आले. एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं एकाच दोराला धरून झाडांचे बुंधे ओढत होती. सगळ्यांच्या पुढे आमचा करसन.

करसन माझ्या पोटचा नाही. मी देशातून लग्न होऊन आले तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, एवढासा. त्याची आई अतिएनो इथलीच, लुओ जमातीची. ती तापात गेली होती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागली होती, मग रडायला वेळ कुठला! तेव्हापासून मी त्याची बा, म्हणजे आई, झाले; ठाकोरजींचा प्रसाद आधी त्याच्या हातावर, मग माझ्या तोंडात. जातीच्या पंगतीत मात्र त्याचं पान मांडत नसत. अशा दिवशी मीही उपास सांगून घरीच राही.

मैदान मोकळं झाल्यावर त्यानं वारुळाची माती आणून कुटली, पाणी मारलं, रूळ फिरवला आणि वर काथ्याची चटई ताणून खेळपट्टी केली. तोवर तो चांगला उंच, लांब हातांचा झाला होता. धावत येऊन चेंडू टाकला की हरनामसिंग सुतार ओरडायचे, "ओधवजी, आवर ह्या राक्षसाला! यष्ट्या मला तासाव्या लागतात, तुझ्या बापाला नाही!"

मग संघ निवडायची वेळ आली, आणि दोर ओढणारे हात एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले. प्रागजी शेठ आमच्या लोहाणा महाजनाचे, म्हणजे जातपंचायतीचे, प्रमुख. ते भर सभेत म्हणाले, "पटेलांचे पाच आणि आमचा एक? मग मैदानाला आरतीसुद्धा पटेलांनीच ओवाळावी." क्लब उघडायच्या आधीच मोडायची लक्षणं. तेव्हा ह्यांनीच तोड काढली. प्रत्येक जमातीनं आपले खेळाडू आपणच पाठवायचे. लोहाण्यांचे तीन, बाकीच्यांचे दोन दोन. कोणी कोणाच्या निवडीत बोलायचं नाही. टाळ्या पडल्या. त्या दिवशी ह्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली.

मी विचारलं, "आणि करसन कोणाकडून खेळणार?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "लोहाण्यांकडून. दुसरं कोणाकडून?"

दुसऱ्या दिवशी हे प्रागजी शेठांकडे गेले. मी आत शेठाणीबरोबर वाती वळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"ओधव, पोरगा गुणी आहे रे. पण पंगतीत जो बसत नाही, तो महाजनाच्या नावानं खेळणार कसा? उद्या त्याला आमची मुलगी मागशील."

"शेठ, क्रिकेट आहे हे, सोयरीक नाही."

"आपल्यात काय फरक आहे दोन्हींत? आणि नियम तुझाच, बाबा. निवडीत कोणी बोलायचं नाही."

शेठाणीनं माझ्यासमोर सुपारी सरकवली. मी वाती घेऊन उठले.

पहिला सामना त्याच गोऱ्यांशी ठरला. सकाळी निरोप आला: गोव्याच्या दोघांतला मास्कारेन्यस हिवतापानं पडला, आणि त्यांच्याकडे तिसरा खेळणारा नाही. करसन पहाटेपासून खेळपट्टीवर रूळ फिरवत होता. मी धुऊन दिलेले पांढरे कपडे त्यानं घातले होते. का, ते मी विचारलं नव्हतं.

हरनामसिंग म्हणाले, "ओधवजी, नियम गेला खड्ड्यात. पोरगा समोर उभा आहे."

गोव्याचा दुसरा कारकूनही म्हणाला, "आमच्या जागी घ्या ना त्याला. आमचं काही म्हणणं नाही."

प्रागजी शेठ पागोटं सारखं करत ह्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मांडवात आम्ही बायका बसलो होतो. मी मनात नाम घेत होते, आणि नामातही मी करसनच मागत होते.

ह्यांनी पोराकडे पाहिलं, शेठांकडे पाहिलं. "आपण दहाच खेळू," म्हणाले.

करसननं वाकून चटईचा एक सुटलेला खिळा ठोकला आणि तो दोरीबाहेर गेला.

थोडक्यात हरलो. तरी लोकांनी ह्यांना हार घातले, "दहा जणांत एवढी मजल!" म्हणून.

संध्याकाळी करसन गाठोडं बांधत होता. हे गळ्यातला हार न काढताच दारात उभे राहिले. "पुढच्या वर्षी नियम बदलू, बेटा. आज मोडला असता तर लोक म्हणाले असते, पोरासाठी मोडला."

करसननं गाठ आवळली. "मग कोणासाठी मोडायचा असतो, बापा?"

करसन माझ्या पाया पडला, मग ह्यांच्याही पडला, आणि सरोवरापलीकडच्या म्वांझाच्या बोटीनं निघून गेला.

पुढच्या वर्षी नियम बदलला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. हे दर सभेत उठत, आणि दर सभेत कोणीतरी म्हणे, "नियम तुमचाच ना, ओधवजीभाई?" प्रागजी शेठ देवाघरी गेले तेव्हा कुठे तो नियम सुटला. त्याच दिवशी ह्यांनी बोटीवरच्या कारकुनाकडे करसनसाठी निरोप दिला: म्हणावं, ये, तुझी जागा आहे.

कारकून परत आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "भेटला. घायपाताच्या मळ्यावर मुकादम आहे. बायको केलीय तिकडचीच. बाला नमस्कार सांगितलाय."

"आणि खेळायचं?" ह्यांनी विचारलं.

"खेळ सोडला म्हणतो. चेंडूला हात लावून वर्षं झाली."

हे तागडी हातात धरून तसेच गोणीवर बसले. समोरची म्हातारी मिठासाठी पदर पसरून उभीच होती. शेवटी मी आतून आले, ह्यांच्या हातातली तागडी सोडवून घेतली आणि तिला मीठ तोलून दिलं.