मागचं पान

दहाएक शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन काही केल्या संपेना. त्यांचा सत्कार झाला होता आणि तो फोटो त्यांना पहिल्या पानावर हवा होता, जमलं तर रंगीत. ‘शाळेची खबर’ काळ्या शाईतच निघते, हे श्यामलाबाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. मग निदान मोठा तरी छापा, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी फोन ठेवला आणि पेणच्या रामवाडीतल्या त्या एका खोलीच्या कचेरीत एकट्याच करवादल्या, “मेल्यांना शाळा सोडून सगळं छापून हवं!”

हे पंधरवड्याचं वर्तमानपत्र त्यांच्या यजमानांनी, त्र्यंबक गुरुजींनी काढलेलं. एके काळी पेण-रोह्याचे शिक्षक त्याची वाट बघत. सरकारी परिपत्रकाचा अर्थ त्यांना आधी इथे कळायचा, मग कचेरीतून. कुठल्या शाळेचं छप्पर गळतं, कुठे एकटा मास्तर चार वर्ग ओढतो, ते गुरुजी नावगावासकट छापत, आणि शिक्षणखात्याच्या साहेबाला पाहणीसाठी जीप काढणं भाग पडे. गुरुजी गेले. परिपत्रकं मोबाइलवर येऊ लागली. बाईंकडे उरल्या त्या सत्काराच्या बातम्या, निवृत्त मुख्याध्यापकांच्या कविता आणि त्यांचे स्वतःचे अग्रलेख.

त्याच दुपारी शांतीचा फोन आला. रोह्यापलीकडच्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. पट कमी म्हणून तिची शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिसळायचं घाटत होतं. बाईंनी हे छापावं, पण तिचं नाव येऊ नये. शाळेचंही नको. गावाचंसुद्धा नकोच.

“मग छापू काय, ओढा?” बाईंनी विचारलं.

पलीकडे शांती रडू लागली, तेव्हा बाईंचा आवाज उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या रोह्याला गेल्या आणि तिथून रिक्षाने गावात.

शाळा नेटकी होती. भिंती रंगवलेल्या, पोरं धीटपणे वाचणारी, पण मोजकी. बाईंनी त्यांचं वाचन ऐकलं, वही भरली आणि बाहेर आल्या. फाटकाशी सखा भेटला. तरुणपणी याच सखाने गुरुजींचा अंक हातात धरून पंचायत समितीत ठिय्या मांडला होता आणि गावाला दुसरा मास्तर मिळवून दिला होता. तो उभा होता तो नातीची वाट बघत. एवढ्यात पिवळी गाडी आली आणि टाय लावलेली समीक्षा तिच्यातून उतरली. रोह्याजवळच्या वरशाच्या इंग्रजी शाळेतून आली होती.

बाईंचा पारा चढला. ज्या शाळेसाठी भांडलास तिच्या दारात उभा राहून नातीला गाडीने लांब धाडतोस, मग पट कमी नाही होणार तर काय, असं त्यांनी त्याला चांगलंच सुनावलं. सखाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

“बाई, तुमच्याच पेपरात वाचलं. मागल्या पानाव. इंग्रजी शाला, गाडी दारात. गुरुजींचा पेपर खोटं सांगनार नाय, म्हनून घातली पोरीला.”

ती जाहिरात कित्येक वर्षं मागच्या पानावर येत होती. तिच्या पैशावरच अंक निघत होता. पुढच्या पानांवर सरकारी शाळा वाचवा म्हणून त्या कंठशोष करत, आणि मागचं पान त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. ते वाचायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“आता काढतोस तिथून?” त्यांनी हळूच विचारलं.

“पोरीचं मन रमलंय तितं,” सखा म्हणाला. “आता कशी काढू?”

पेणला येऊन त्यांनी ती जाहिरात बंद केली. छापखान्याचा पुंडलिक कपाळाला हात लावून बसला. चार पानं परवडणार नाहीत, असं त्याने समजावून पाहिलं. बाईंनी त्याला दोनच छापायला सांगितली. पहिल्या पानावर गावाचं आणि शाळेचं नाव घालून बातमी आली, शांतीचं नाव तेवढं वगळून. खाली बाईंनी स्वतःच्या सहीने लिहिलं की या गावची मुलं गाडीत बसवण्यात आमच्या अंकाचाही हात आहे.

अंक निघाला, सत्काराच्या फोटोशिवाय. केंद्रप्रमुखांनी वर्गणी बंद केली. साहेबांच्या कचेरीत बाईंनी तीन खेपा घातल्या, तेव्हा प्रस्ताव ‘विचाराधीन’ आहे असं उत्तर मिळालं. म्हणजे शाळा बंद होणार की नाही, असं त्यांनी विचारलं. तेच विचाराधीन आहे, असं कारकून म्हणाला. बाईंना हसावं की त्याचं टेबल उलटवावं ते कळेना. पण जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं आणि शांतीच्या शाळेची घंटा जागेवरच वाजली.

त्या आठवड्यात बाई नवा अंक घेऊन गावात गेल्या. सखा शाळेशेजारच्या बांधावर होता. त्याने हात धुऊन अंक घेतला, उलटून पाहिला.

“येवढाच?”

“एवढाच.”

तो शाळेच्या पायरीवर बसला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचू लागला. रोह्याला जाणारी रिक्षा वळणावर येऊन हॉर्न देत होती. बाईंनी तिला हाताने जायला सांगितलं आणि त्याचं दुसरं, मागचं पानही वाचून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.